झटपट रिपोर्ट म्हणजे लवकर निदान नव्हे



आपल्या मंडळात एक तक्रार वारंवार कानावर येते. भारतवारीहून परतल्यावर घरात कुणाला तरी ताप येतो, इथले डॉक्टर रक्त घेतात आणि रिपोर्टला तीन ते पाच दिवस लागतील असे सांगतात. मग तिकडे फोन जातो. आई, सासूबाई नाहीतर मावसभाऊ विचारतो, "अहो, आमच्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिले की दुपारी टायफॉइडचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो. तुमच्या अमेरिकेत एवढे सगळे असून हे का जमू नये?" फोन ठेवेपर्यंत आपल्यालाही वाटू लागते की इथले लोक चालढकल करताहेत. मग आपण सुटकेसमधली गोळ्यांची पाकिटे शोधू लागतो.

आम्हाला ही तक्रार पटत नाही. ती का पटत नाही हे जरा सविस्तर सांगावे म्हणून हा लेख. आमच्यापैकी एकीची नोकरीची बरीच वर्षे इस्पितळाच्या लॅबमध्ये, याच रक्ताच्या बाटल्यांच्या सहवासात गेली. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि हे वाचून कुणी स्वतःचे औषध स्वतः ठरवू नये. पण कोणती टेस्ट काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे असे आमचे ठाम मत आहे.

प्रथम कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या टेस्टविषयी. तिचे नाव विडाल. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी ती १८९६ साली पुढे आणली, म्हणजे ती सव्वाशे वर्षांहून जुनी. ही टेस्ट टायफॉइडचा जंतू शोधत नाही. जंतूशी लढण्यासाठी आपल्या शरीराने रक्तात तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. चोर दिसला नाही तरी घरात आरडाओरड झाली होती का, एवढेच ती विचारते. आता भारतात वाढलेल्या माणसाच्या घरात ही आरडाओरड आयुष्यात कितीदा झालेली असते! लहानपणी मुदतीचा ताप येऊन गेला असेल, कधी त्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूने गाठले असेल. मलेरिया आणि इतर तापांतही विडाल कधी कधी पॉझिटिव्ह येते. त्यामुळे एकाच वेळच्या रक्तावरून "एकास एकशेसाठ, म्हणजे टायफॉइड" असा निकाल देणे हा मोठा धोका आहे. ही टेस्ट नीट वापरायची तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन आकडा किती चढला हे पाहावे लागते. तसे प्रत्यक्षात फारच क्वचित होते.

विडालच्या या उणिवा संशोधकांना ठाऊक होत्या, म्हणून नव्या झटपट टेस्ट निघाल्या. मलेशियात टायफिडॉट निघाली, स्वीडनच्या कंपनीने ट्यूबेक्स बाजारात आणली, अॅमस्टरडॅमच्या संस्थेनेही एक पट्टी तयार केली. काहींचा निकाल पंधरा मिनिटांत मिळतो, काहींना दोन-तीन तास लागतात. या विडालपेक्षा सुधारलेल्या आहेत, पण पद्धत तीच: शोध प्रतिपिंडांचा, जंतूचा नव्हे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली ३७ अभ्यास एकत्र करून या टेस्टची झडती घेतली. त्यात ट्यूबेक्सने खरे टायफॉइडचे रुग्ण शंभरातले सरासरी ७८ ओळखले आणि टायफॉइड नसलेल्या शंभरांतल्या ८७ जणांना बरोबर "नाही" म्हटले. अॅमस्टरडॅमच्या पट्टीचे आकडे अनुक्रमे ६९ आणि ९० होते.

ऐकायला हे आकडे काही वाईट वाटत नाहीत. शाळेत ७८ टक्के मिळाले तर आपण पेढे वाटू! पण जरा हिशेब करून पाहू. समजा, ताप आलेली शंभर माणसे आली आणि त्यांतल्या दहांना खरोखर टायफॉइड आहे. ट्यूबेक्स त्या दहांतल्या आठांना पकडेल, दोघे निसटतील. उरलेल्या नव्वदांपैकी सुमारे बारा जणांना मात्र ती टायफॉइड नसताना "आहे" म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडलेल्या वीस जणांतले बारा चुकीचे! त्या बारांना मलेरिया असेल, डेंग्यू असेल, आणखी काही असेल. त्याचा शोध तिथेच थांबतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. प्रतिपिंडे तयार व्हायला शरीराला वेळ लागतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ती पुरेशी नसतात, साधारण पहिला आठवडा सरता सरता ती दिसू लागतात. उलट रक्तातले जंतू पहिल्या आठवड्यातच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणजे ज्या टेस्टला आपण झटपट म्हणतो ती आजाराच्या सुरुवातीला आंधळी असते, आणि जिला संथ म्हणून नावे ठेवतो त्या कल्चरला नेमकी सुरुवातीलाच चांगली दृष्टी असते. रिपोर्ट लवकर मिळणे आणि आजार लवकर कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या सगळ्या लेखाचे सार एवढेच.

कल्चर म्हणजे नेमके काय, तेही सांगतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेऊन ते खास बाटल्यांत भरतात. बाटलीत जंतूंचे खाद्य असते. बाटल्या शरीराच्या तापमानाइतक्या उबदार यंत्रात ठेवतात. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, यंत्राला तो कळतो आणि ते इशारा देते. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, लॅबमधून डॉक्टरांना फोन जातो. पाच दिवसांचा आकडा कुठून येतो? तो "काहीच वाढले नाही" असे खात्रीने सांगण्यासाठी लागणारा वेळ आहे. टायफॉइडचा जंतू असेल तर तो बहुधा दोन-तीन दिवसांतच वर डोके काढतो. त्यानंतर कोणत्या औषधाने तो मरतो हे तपासायला आणखी एक-दोन दिवस लागतात.

"केवढे रक्त काढतात हो!" ही आपल्या मंडळींची दुसरी तक्रार. मोठ्या माणसाचे कल्चरसाठी एका वेळी वीस मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त घेतात. त्याला कारण आहे. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू अतिशय विरळ असतात, एका मिलिलिटरला बऱ्याचदा एकही नाही. चहाच्या चमचाभर रक्तात दोन-चार सापडले तरी पुष्कळ. तेव्हा रक्त कमी घेतले तर जंतू हुकणारच. लहान मुलांचे वजनाप्रमाणे कमी घेतात, पण त्यांच्याही बाबतीत हात आखडता घेऊ नये. जंतूच थेट पकडणारी झटपट टेस्ट अजून नीट जमलेली नाही, त्याचे मुख्य कारणही हेच. मलेरियाची झटपट टेस्ट उत्तम चालते, कारण तिथे परोपजीवीचे प्रथिन रक्तात भरपूर असते आणि टेस्ट तेच पकडते. अमेरिकेत अशा मलेरिया टेस्टला २००७ साली परवानगी मिळाली. म्हणजे झटपट टेस्ट म्हटली की ती टाकाऊच, असे आमचे म्हणणे नाही. ती काय शोधते, हे विचारावे.

कल्चर तरी बिनचूक आहे का? नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. टायफॉइडच्या दहा रुग्णांतले साधारण सहा त्यात सापडतात, चार निसटतात. अस्थिमज्जेचे कल्चर जास्त पकडते, पण हाडात सुई घालणे सर्रास करता येत नाही. मात्र रक्ताचे कल्चर जेव्हा "हो" म्हणते तेव्हा त्यात शंकेला जागा राहत नाही. शिवाय औषध कोणते लागू पडेल हे सांगते, जे कुठलीच झटपट पट्टी सांगत नाही.

या शेवटच्या गोष्टीचे मोल आज फार वाढले आहे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर चालते असे दिसले आणि मुदतीच्या तापाची मुदतच संपली. त्याआधी दर शंभरांत दहा ते वीस रुग्ण दगावत. मग जंतूंनी क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देणे सोडले, अॅम्पिसिलिनलाही सोडले. त्यांच्या जागी आलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनवर एक पिढी निभावली. आता भारतातून आलेल्या टायफॉइडवर सिप्रो बहुतेक वेळा चालत नाही. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की ज्यावर नेहमीच्या औषधांतले तोंडाने घ्यायचे अॅझिथ्रोमायसिन तेवढे उरले आणि बाकी काम शिरेतून द्यायच्या महागड्या औषधांवर आले. अशा काळात कोणते औषध चालेल हे जाणून घेणे ही चैन राहिलेली नाही.

आता आमच्या ओळखीच्या एका घरातली हकिकत, नाव-गाव न सांगता. आजोबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. येऊन दहा-बारा दिवस झाले आणि ताप सुरू झाला. प्रवासी विमा बेताचाच होता, म्हणून आजोबांनी दोन दिवस कुणाला सांगितलेच नाही. मग घरच्यांनी त्यांना एका तातडीच्या दवाखान्यात नेले. तिथे "फ्लू दिसतो" म्हणून घरी पाठवले. माणूस कुठून आला, कधी आला, हे कुणी विचारले नाही आणि घरच्यांनीही सांगितले नाही. मग तिकडच्या नात्यातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुटकेसमधले अँटिबायोटिक सुरू झाले. चार दिवसांनी ताप उतरेना तेव्हा इस्पितळ गाठले. कल्चर घेतले, पण त्यात काही उगवले नाही. पोटात चार दिवसांच्या गोळ्या असताना उगवणार तरी कसे? पुढचा दीड आठवडा इस्पितळाने एकेक आजार वगळत काढला. आजोबा बरे होऊन गेले ही देवाची कृपा. पण बिल पाहून मुलाचा चेहरा उतरला, आणि "नक्की काय झाले होते" याचे उत्तर आजही कुणाकडे नाही.

या हकिकतीत दोष एकट्याचा नाही. ताप आलेल्या माणसाला "महिन्याभरात कुठे प्रवास केला का?" एवढे न विचारणाऱ्या डॉक्टरांचाही आहेच. पण डॉक्टरांना सुधारणे आपल्या हातात नाही, आपले वागणे मात्र आहे. अमेरिकेत दर वर्षी कल्चरने पक्के झालेले टायफॉइडचे रुग्ण चारशेच्या आसपास असतात. बहुतेक परदेशातून आलेले, आणि त्यांतले पुष्कळ दक्षिण आशियातून. त्यांत हॉटेलात उतरून बाटलीचे पाणी पिणारे पर्यटक थोडे, माहेरी-सासरी जाऊन सगळ्यांबरोबर पंगतीला बसणारे आपल्यासारखे जास्त. इथल्या डॉक्टरांनी हा आजार कदाचित एकदाही पाहिलेला नसतो. म्हणून पहिले वाक्य आपणच बोलायला हवे.

कुणी म्हणेल, "तिकडचे डॉक्टर विडालवरच औषध देतात आणि माणसे बरी होतात, त्याचे काय?" खरे आहे. पण त्यांतल्या अनेकांचा ताप साधा असतो आणि औषधाशिवायही उतरला असता. शिवाय ते डॉक्टर रोज असे दहा रुग्ण पाहतात, केवळ कागदावर विसंबत नाहीत. खेड्यातल्या दवाखान्यात कल्चरचे यंत्र नसते, आणि रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसते. तिथे झटपट टेस्ट ही दुधाची तहान ताकावर भागवण्यातली गोष्ट आहे, तिला हसू नये. तिथल्यासाठी चांगली टेस्ट निघावी म्हणून प्रयत्न चालू आहेत, आणि ती निघाली तर आम्हीच याच पानावर तिचे स्वागत करू. पण ज्यांच्या दाराशी दूध आहे त्यांनी ताकाचा हट्ट का धरावा?

एक गैरसमज दूर करायला हवा. कल्चर पाठवले म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत रुग्णाने तळमळत बसायचे, असे नाही. रक्त बाटलीत गेले की डॉक्टर त्याच तासाला औषध सुरू करू शकतात, आणि रुग्ण अत्यवस्थ असेल तर करतातच. रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास औषध बदलतात. क्रम महत्त्वाचा: आधी रक्त, मग गोळी.

तेव्हा आमच्या मते प्रत्येक घराने एवढे करावे.

भारतातून परतल्यावर महिना-दीड महिन्यात ताप आला आणि तो दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टरांकडे जाताच सांगावे, "आम्ही अमुक तारखेला भारतातून आलो." टायफॉइड संसर्गानंतर साधारण ६ ते ३० दिवसांनी डोके वर काढतो. मलेरिया तर त्याहूनही उशिरा उपटतो. म्हणून मलेरियाची तपासणी त्याच दिवशी आणि टायफॉइडसाठी रक्ताचे कल्चर, या दोन्ही गोष्टींविषयी नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. तापाबरोबर गुंगी, सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना किंवा शौचातून रक्त असेल तर वाट न पाहता थेट इस्पितळात जावे.

रक्त घेण्याआधी सुटकेसमधले अँटिबायोटिक घेऊ नये. घेतले गेलेच असेल तर नाव आणि किती गोळ्या झाल्या हे डॉक्टरांना सांगावे. गोळ्यांचे पाकीटच बरोबर न्यावे.

आई-बाबा येणार असतील तर विमा घेताना तापाच्या आजारात तपासण्या आणि इस्पितळ यांचा खर्च मिळतो का, हे आधी वाचावे. त्यांना पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवावे, "ताप लपवायचा नाही, खर्चाचे आम्ही बघू." आपली आधीची पिढी मुलाच्या खिशाला जपण्यापायी स्वतःचा जीव धोक्यात घालते, हे आपण सगळेच जाणतो.

टायफॉइड निघाला तर इथल्या आरोग्य खात्याकडे त्याची नोंद होते आणि त्यांचा फोन येऊ शकतो. कुठे गेला होता, काय खाल्ले, घरात आणखी कुणाला त्रास आहे का, असे विचारतात. त्यात शरमेचे काही नाही. खरी उत्तरे द्यावीत. औषधाचा कोर्स पुरा करावा, आणि बरे वाटले तरी डॉक्टर सांगेपर्यंत मंडळाच्या स्वयंपाकात हात घालू नये.

आणि जाण्यापूर्वी लस घ्यावी. इथे मिळणारे इंजेक्शन दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना आणि मोठ्यांना देतात. ते निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावे आणि दर दोन वर्षांनी पुन्हा घ्यावे. ते शंभर टक्के संरक्षण देत नाही आणि पॅराटायफॉइडवर चालत नाही, म्हणून पाण्याची काळजी राहतेच. "आम्ही तिथेच वाढलो, आम्हाला कसली लस?" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. लहानपणीची प्रतिकारशक्ती इतकी वर्षे टिकत नाही, आणि इथे जन्मलेल्या मुलांकडे तर ती मुळातच नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली मुलांना टायफॉइडची नवी, जास्त काळ टिकणारी लस सार्वजनिक मोहिमेतून दिली. जगात अशी ती पहिलीच मोहीम. वाशी-नेरूळच्या मुलांना लस हवी असे तिथल्या पालिकेला वाटले, तर त्यांच्याकडे सुट्टीला जाणाऱ्या आपल्या मुलांना ती नको कशी?

कार्यकारिणीला आमची एक सूचना आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात, म्हणजे डिसेंबरच्या भारतवारीच्या पुरेसे आधी, पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. मंडळात डॉक्टर आणि नर्स पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कुणीही आनंदाने बोलेल. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहूनही हे सांगता येईल.

आपले अनुभव आणि मतभेद जरूर कळवावेत. आमचे म्हणणे कुणाला खोडून काढायचे असेल तर पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.